शांतीबाई जागी राहिली

पनवेलच्या मासळी बाजारात शांतीबाईसारखा जिताडा कोणी कापत नसे. तुकडे एकसारखे, खवला म्हणून राहायचा नाही. पण चोपन्नाव्या वर्षी तिचा उजवा हात थरथरू लागला, मग पाय जखडले. पार्किन्सन! सहा वर्षं गोळ्यांवर निघाली. पुढे गोळीचा असर तासाभरात उतरू लागला आणि कोयता सून पूर्वी हिच्या हाती गेला.

२०१३ साली मुंबईच्या डॉक्टर प्रांजल यांनी शस्त्रक्रिया सुचवली. मेंदूत खोलवर बारीक तार, छातीत कातडीखाली बॅटरी. तिच्या विजेनं थरथर आवरायची.

"पण तुम्हाला जागं राहावं लागेल."

"डोस्की उघडायची नि मी जागी? नाय बाय!"

शांतीबाईला तरातरा निघून जायचं होतं, पण पाऊल उचलेना. दारापर्यंत पोचायला इतका वेळ लागला की तिथंच तिचा विचार बदलला.

"कदी करायचा?" तिनं वळून विचारलं.

ऑपरेशनच्या दिवशी डोकं भादरलेलं, भोवती घट्ट चौकट. नेमकी जागा शोधणारी सुई मेंदूत सरकू लागली तशी स्पीकरमधून खरखर सुरू झाली.

"ह्या काय वाजतंय?"

"तुमच्या मेंदूतल्या पेशी. आवाजावरून कळतं, सुई कुठे पोचली ते."

"मेल्या एवढ्या बोलतात?"

"तुमच्याच आहेत ना!" डॉक्टर म्हणाल्या आणि सगळी खोली हसली.

मग एकदम शांत झालं. शांतीबाईनं लगेच विचारलं, "बंद परला काय?"

"नाही, मधली जागा शांतच असते. अजून थोडं खाली."

आणि दाट आवाज उसळला, तापल्या तेलात ओले बोंबील सोडावेत तसा. डॉक्टरांनी तिचं मनगट हलवलं. त्यासरशी आवाजही बदलला.

"हीच जागा!"

वीज सोडली. हाताची थरथर थांबली. शांतीबाई त्याच्याकडे बघतच राहिली.

"बोलत राहा, जीभ जड होते का बघायचंय."

"सुरमय हाय, ताजी हाय, हात लावून बघा..." ती सुरू झाली ती थांबेना. वीज वाढवल्यावर शब्द बोबडे झाले, तेव्हा डॉक्टरांनी ती बेताची केली.

दोन महिन्यांनी शांतीबाई बाजारात बसली. गोळ्या कमी झाल्या होत्या, सुटल्या नव्हत्या. पहिला तुकडा तिरका गेला. गिऱ्हाइकानं हसू दाबलं.

"हसा की!" ती म्हणाली. दुसरा सरळ आला.

पूर्वीनं मात्र आपली जागा सोडली नाही. सासू-सून आता शेजारी शेजारी मासे कापतात, आणि सुनेकडे गर्दी जास्त असली की शांतीबाई खुशाल चहा पीत बसते.