गाडी पाणी फेकायची तेव्हा

त्या मे महिन्यात मी रस्त्याकडे कमी आणि तापमानाच्या काट्याकडे जास्त बघत असे. सोळा वर्षांची गाडी, शेजारच्या सीटवर आई, आणि दुपारचे दोन. आईच्या छातीचं ऑपरेशन होऊन गेलं होतं आणि आता पंचवीस शेक घ्यायचे होते. रेडिएशनला आमच्याकडे सगळे शेकच म्हणतात. सोमवार ते शुक्रवार, रोज एक. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की मध्ये खंड पडू द्यायचा नाही, आणि हे वाक्य त्यांनी माझ्याकडे बघून म्हटलं होतं, म्हणजे जबाबदारी कुणाची हे ठरून गेलं.

आमचं घर पूर्व नागपुरात आणि हॉस्पिटल शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. मी मिहानच्या औद्योगिक भागातल्या एका कंपनीत कामाला. बाबांनी गाडी चालवणं केव्हाच सोडलेलं, म्हणून त्या दिवसांपुरती मी सकाळची पाळी मागून घेतली होती. सहाला कंपनीची बस पकडायची, एकला परत यायचं, दोन घास पोटात ढकलायचे आणि दीडला आईला घेऊन निघायचं. ऑटोत तिला गरम वाऱ्याची लू लागायची. मोबाईलवरून बोलावलेली टॅक्सी दोनदा ऐन वेळेला रद्द झाली. तेव्हा राहिली ती आमची गाडी. ती चालली तर शेक होणार, नाही तर नाही. सगळा हिशेब एवढाच होता.

आईच्या गळपट्टीच्या हाडाखाली जांभळ्या रंगाने रेघा आखल्या होत्या. मशीन कुठे रोखायचं त्याच्या खुणा. त्या पुसल्या जाता कामा नयेत, म्हणून साबण नाही, घासणं नाही आणि शक्यतो घामही नाही. मे महिन्यात नागपूरच्या माणसाला घाम येऊ देऊ नका म्हणणारा माणूस बाहेरगावचाच असणार. पण ए.सी. चालू असला की आमचं निभून जाई.

पाचव्या की सहाव्या दिवशी एका सिग्नलला काटा पहिल्यांदा चढला. गाडी उभी राहिली की वर, पळायला लागली की थोडा खाली. मी ए.सी. बंद केला, काचा खाली केल्या. बाहेरून भट्टीसारखी हवा आत आली. आई पदर मानेपासून जरा दूर धरून बसली. हॉस्पिटलच्या आवारात गाडी बंद केली तर पुढून सूं सूं आवाज आणि चाकापाशी पाण्याचं थारोळं.

मी चिडकी आहे, हे घरात सगळे जाणतात. भीती वाटली की मला आधी राग येतो. त्या दिवशी मी गाडीच्या टायरला लाथ मारली आणि चपलेचा अंगठा तोडून घेतला.

मग मी शोध लावायला बसले. ऑफिसच्या बसमध्ये, जेवताना, आई मशीनखाली असताना बाहेरच्या बाकावर, मोबाईलवर एकामागून एक व्हिडिओ. पंखा फिरतो का? फिरत होता. पट्टा सैल आहे का? नव्हता. पाईप फुटलाय का? नाही. पण एक गोष्ट मला काही केल्या कळेना. इंजिनाशेजारी कूलंटची प्लास्टिकची बाटली असते, इंजिन तापलं की जास्तीचं पाणी तिच्यात येतं आणि थंड झालं की परत ओढलं जातं. रोज दुपारी त्या बाटलीतून पाणी उतू जायचं, आणि दुसऱ्या दिवशी दीडला बोनेट उघडावं तर बाटली काठोकाठ. सांडतंय तरी भरलेली. व्हिडिओतले सगळे शहाणे एकमुखाने सांगत होते की बाटली आपोआप भरायला लागली तर समजा हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या जोडावरचं सील, गेलं, इंजिनातला दाब पाण्याला बाहेर ढकलतोय. म्हणजे इंजिन उघडायचं. म्हणजे आठवडा.

लकडगंजात लाकूड कापायच्या आरा मशीनींच्या मागे एका मिस्त्रीचं गॅरेज आहे. शांत माणूस. दुसऱ्याच्या घाईचा त्याच्यावर कसलाही परिणाम होत नाही, आणि त्यामुळे मला तो कधी देव वाटे तर कधी त्याचे कान उपटावेसे वाटत. एका संध्याकाळी मी त्याच्याकडे गेले.

"गाडी पानी फेकून राहिली का, ताई?" त्याने विचारलं. "गॅस्केट असू शकते. पन उघडल्याशिवाय नाई सांगता येत."

"उघडलं तर किती दिवस?"

"आठ दिवस तं धरून चाला."

"आठ दिवस नाहीत माझ्याकडे," मी म्हटलं, आणि शेकांचं सगळं एका दमात सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. जुनं पाणी काढून हिरवंगार नवीन कूलंट भरलं आणि म्हणाला, "तीन-चार दिवस पाहा. यात बाकी काईच टाकू नोका."

मी काहीच टाकलं नाही. तरी दोनच दिवसांत बाटलीतला हिरवा रंग पातळ झाला आणि तिसऱ्या दिवशी, गुरुवारी, अर्ध्या वाटेवर काटा लाल रेघेला टेकला. आता इंजिन वाचवायला एकच उपाय होता, तोही व्हिडिओतच पाहिलेला. गाडीचा हीटर पूर्ण चालू करायचा, म्हणजे इंजिनाची उष्णता आत ओढली जाते. मे महिन्यात, दुपारी दोनला, नागपुरात मी हीटर लावला. आईच्या अंगावर. तिने डोळे मिटून घेतले. तिच्या कपाळावरून, मानेवरून घाम ओघळत होता आणि मी मनात जे काही देव आठवत होते त्यांना शिव्या घालत होते.

पोचलो वेळेवर. पण आत गेलेली आई दहा मिनिटांत बाहेर आली. मागून मशीनवरची मुलगी. "खुणा पुसल्या आहेत, काकूंच्या. परत आखायला डॉक्टर लागतात, ते निघाले. आजचं सिटिंग नाही होणार." ब्लाउजच्या आतल्या बाजूला जांभळा डाग पसरला होता. मी त्या मुलीशी भांडले, तिची काही चूक नसताना. आई म्हणाली, "चल वं, घरी चल." परतीच्या वाटेवर मी रडत होते आणि चाळीस-पन्नास वेळा काटा पाहिला असेल.

शुक्रवारी ऑफिसातल्या मैत्रिणीची गाडी मागून आणली, खुणा नव्याने आखल्या आणि शेक झाला. सतरा झाले, आठ उरले. शनिवारी सकाळी नऊला मी मिस्त्रीसमोर उभी होते. इंजिन उघडायचं असेल तर उघडा, असं सांगायचं ठरवूनच गेले होते, आणि तसं सांगितलंही.

त्याने बोनेट वर केलं. "काल रात्री बाटलीत पानी किती होतं?"

"अर्धं. संध्याकाळी एक चक्कर मारली तेव्हा सांडलं, मग मी टॉर्च लावून पाहिलं."

"आता पाहा." बाटली गळ्यापर्यंत भरलेली होती. "तुम्ही टाकलं?"

"नाही. म्हणून तर म्हणते, आपोआप भरते."

"चालत्या गाडीत भरन, ताई. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत पानी कसं वाढंन?"

इतके दिवस, इतके व्हिडिओ, आणि हा साधा प्रश्न मला पडला नव्हता. त्याने रेडिएटरचं झाकण काढून इंजिन चालू केलं, बराच वेळ आत डोकावून पाहिलं. बुडबुडे नव्हते. "गॅस्केट चांगली हाय," तो म्हणाला आणि मी तिथेच पडलेल्या एका टायरवर बसले. मग त्याने बाटली सोडवून पाणी तळहातावर ओतलं. पाण्यासोबत दोन-तीन तपकिरी काड्या आल्या. त्याने वास घेतला, हात माझ्या नाकापुढे धरला, आणि त्या शांत माणसाच्या चेहऱ्यावर मी प्रथमच हसू पाहिलं.

"गाडीत कूलर बसवला का जी?"

खस. कूलरच्या जाळ्यांत भरतात ते खस. होळीनंतर नागपूरच्या घराघरांत जो वास सुरू होतो तो.

बाकीचं त्याने समजावून सांगितलं. इंजिन थंड होताना बाटलीतलं पाणी परत ओढून घेतं, तेव्हा काड्या आणि बोअरिंगच्या पाण्याचा पांढरा क्षार आत गेला आणि आधीच जुना असलेला रेडिएटर तुंबला. बाटली काठोकाठ भरलेली, त्यामुळे तापलेलं पाणी आणि त्याबरोबर कूलंट बाहेर, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नुसतं पाणी. दुपारपर्यंत त्याने रेडिएटर उतरवून धुतला, झाकण बदललं, नवीन कूलंट भरलं. आठ दिवस नाही, अर्धा दिवस.

आमच्या घरी पहाटे कूलर भरणारा माणूस एकच. बाबा. त्यांनी तीस वर्षं लकडगंजातून लाकडाचे ट्रक चालवले. त्या काळी सकाळी उठून आधी रेडिएटरला पाणी दाखवायचं आणि मग स्वतः चहा घ्यायचा, असा त्यांचा नेम. मी सहाच्या बसने गेले की, आणि सुट्टीच्या दिवशी मी उठायच्या आत, ते कूलरच्या टाकीतलं तांब्याभर पाणी काढून माझ्या गाडीच्या त्या बाटलीत टाकत होते. कूलरचंच का, तर ते थंड असतं म्हणून.

मी घरी जाऊन जे बोलले ते इथे लिहीत नाही. आवाज गल्लीत गेला असेल. तुमच्यामुळे आईचा शेक चुकला, असं मी वडिलांना म्हटलं. ते खाली बघून म्हणाले, "पानीच तं टाकलं, वं. गाडी गरम होते म्हने तू." आणि आत निघून गेले. माझं चुकलं होतं हे मला त्याच क्षणी कळलं, पण मागे फिरून माफी मागण्याची आमच्या घरात पद्धत नाही. मी त्यांच्या पुढ्यात जेवणाचं ताट नेऊन ठेवलं, इतकंच.

सोमवारी दीडला आम्ही निघालो. ए.सी. चालू, काटा मध्यावर. पहिल्या सिग्नलला मी आईला म्हटलं, "बाबा रोज पाणी टाकत होते, तुला माहीत होतं?"

"रोज पाहत होती. मी अंगनातच तं बसून राहते सकाळी."

"मग सांगितलं का नाहीस?"

"गाडी त्याच्यानं तापते हे मले काय माहीत? अन् तुह्या बाबाईनं माहं दुखनं कळल्यापासून कशातच हात घातला नोता. तेवढ्या कामासाठी उठत." ती थोडी थांबली. "तुनं मले इचारलं कुठं? मिस्त्रीले इचारलं, मोबाईलले इचारलं. गाडीत मी बसून राहिली, अन् सकाळी गाडीपाशीबी मीच बसून राहिली. मले नाई इचारलं."

मला हसू येणार होतं, तेवढ्यात ती म्हणाली, "शेकाचंबी तसंच झालं. डॉक्टरनं तुले सांगतलं, तुनं बाबाले सांगतलं. पंचवीस घ्या लागते म्हने. घेतं का गं बाई, असं मले कोनं नाई इचारलं."

आवाजात राग नव्हता. राग असता तर मला भांडता आलं असतं. सिग्नल सुटला होता, मागचे हॉर्न वाजवत होते, आणि मी गाडी पुढे घेऊन पहिली सावली दिसली तिथे कडेला थांबवली. आठ शेक उरले होते. ती नाही म्हणाली तर मी काय करणार होते, मला माहीत नव्हतं. तरी मी विचारलं. "घेतेस का?"

तिने पदर नीट केला. खूप वेळ लावला. "आजचा घेते," ती म्हणाली. "उद्याचं उद्या इचार."

पुढचे सातही दिवस मी रोज दीडला दारात उभी राहून विचारलं, आणि तिचं उत्तर येईपर्यंत गाडीची किल्ली पर्समधून बाहेर काढली नाही.