दत्तूकाकांचा व्हॉल्व्ह

आषाढात पाऊस दणकून कोसळू लागला की मुरबाडचे लोक लावणीला धावत आणि आमचे शेजारी दत्तूकाका कारखान्याकडे. नव्वदच्या दशकात आमच्याकडे आलेल्या एका कीटकनाशकाच्या कारखान्यात ते सुपरवायझर होते. भर पावसात व्हॉल्व्ह उघडून टाकीतलं घाण पाणी गुपचूप ओढ्यात सोडायचं, हे त्यांचं खास काम. साहेबांनी विश्वासाने सोपवलेलं. काकांना अभिमान एवढा, की जणू गावदेवीची पालखी यांच्याच खांद्यावर!

"वाहत्या पाण्याला इटाळ नसतो रे," ते मला सांगत. "ओढा काळू नदीत, काळू खाडीत, खाडी दर्यात. दर्याचं पोट केवढं!" ओढ्यावर मासे उलटे तरंगले तरी हेच पालुपद. वर फुकटचा सल्ला, "ते खाऊ नको हां."

माणूस एरवी लोभस. कुणाकडे मयत झाली की लाकडं फोडायला पहिला. लेकीला, सुनंदाला, शिकवायचं म्हणून भावकीशी भांडला. पण शिकलेल्या लेकीचं ऐकावंही लागतं, हे त्याच्या गावीही नव्हतं.

सुनंदा मुंबईला किनाऱ्याला लागलेले मेलेले डॉल्फिन तपासायची. एकदा ओटीवर बसून तिने सांगितलं, की असलं विष त्यांच्या चरबीत साठत जातं आणि पहिलटकरणीच्या दुधातून पिल्लात उतरतं. काका हसले. "म्हंजे आय सुटली की! देवानंच सोय केलीय." मला त्या हसण्याची शिसारी आली.

पुढे सुनंदाला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. काकांनी पाळणा आणला, गावभर सांगत सुटले. सुनंदा आली ती नाही म्हणायलाच.

"बाबा, ओढा आपल्या विहिरीला लागून वाहतोय. एवढी वर्षं प्यायले तेवढं पुरे. मी नाय येत."

"तू काय मासा हायस?" काका कडाडले.

"डॉल्फिन पण मासा नाय, बाबा. ती दूध पाजते."

ती शहापूरला, सासरी बाळंत झाली. मुलगी. बारशाला काकांबरोबर मीही गेलो. सगळ्यांसमोर त्यांनी बाळासाठी हात पुढे केले. सुनंदा म्हणाली, "आधी हात धुऊन या." काका मोरीत गेले आणि कोपरापर्यंत साबण लावून हात चोळत राहिले.

वाटलं, सुधारला माणूस. कसला सुधारतोय! निवृत्त होईपर्यंत दर पावसाळ्यात व्हॉल्व्ह त्यांनीच उघडला. आता काका नाहीत, कारखानाही बंद पडला. पण नातीला त्यांनी हात धुतल्याशिवाय एकदाही उचललं नाही. म्हणजे कळत होतं सगळं.