पाटीवरची उत्तरं

ही गोष्ट मी घरातसुद्धा कधी सांगितली नाही. नोकरीच्या आठवणी निघाल्या की दुसरंच काही सांगून वेळ मारून न्यायचो. आता लिहून ठेवतो.

महाराष्ट्र राज्य नवं होतं. मी गावोगावच्या शाळांत जाऊन चौथीच्या मुलांची बुद्धिमापन चाचणी घ्यायचो. देऊळघाटजवळच्या एका खेड्यात भाजीपाला पिकवणाऱ्या माणसाची मुलगी चाचणीला बसली होती. चांगली निघाली तर तिला बुलढाण्याला मामाकडे ठेवून पुढे शिकवायचं, असं बापानं ठरवलं होतं.

शेवटच्या भागाला वीस मिनिटं होती. चिखलीची एसटी चुकली असती तर दोन तास फाट्यावर बसावं लागलं असतं. एवढ्यासाठी मी चौदाव्या मिनिटाला कागद गोळा केले. इतरांनी सुचेल ते लिहून टाकलं होतं. तिचा कागद जवळजवळ कोरा होता. कागद खराब करायचा नाही, आधी पाटीवर सोडवायचं, मग नीट उतरवायचं, ही त्या शाळेची शिस्त. ती एकटीच पाळत बसली होती.

तिनं पाटी पुढे केली. "पाटीवर झालं सारं, गुरुजी. उतरवू द्या ना जी."

मी पाटी पाहिली. पाहिली, हे मुद्दाम लिहितो. उत्तरं बरोबर होती, सगळी. वेळ संपली म्हणालो. अहवालात पूर्ण वीस मिनिटं दिल्याचं लिहून सही केली.

महिन्यानं निकाल घेऊन गेलो, तेव्हा बाप शाळेत येऊन बसला होता. आकडा ऐकून त्यानं हळूच विचारलं, "म्हंजे पोरीले डोकं नाई म्हना ना?"

चाचणीत तसं दिसतं, असं मी म्हणालो. चौथीनंतर तिची शाळा सुटली, हे मला पुढं कळलं.

बऱ्याच वर्षांनी लोणारच्या एसटीत एका बाईनं मला ओळखलं. सरकून जागा दिली आणि मागच्या बाईला हसत म्हणाली, "ह्या गुरुजीनं माहं डोकं मोजलं होतं बाप्पा. कमीच निघालं."

दोघी हसल्या. मीही हसलो. मग पीकपाण्याचं विचारलं, मुलाबाळांचं विचारलं. मेहकरला ती उतरून गेली. तोपर्यंत जुळवून ठेवलेलं मनातच राहिलं: बाई, तुझी सहा मिनिटं मी घेतली. तुझी पाटी बरोबर होती. मला माफ कर.