शालूची मूठ
देवगड बंदरात पावसाळ्याआधीची शेवटची आगबोट लागली होती. मी मॅट्रिक झालो होतो आणि मुंबईला कॉलेजात निघालो होतो. आगबोट खोल पाण्यात उभी, म्हणून आधी होडीत बसायचं. बाबा गुडघाभर पाण्यात येऊन म्हणाले, "शिकान मोठो हो. मागे बघू नको." मी मागे पाहिलंच. आई रडत होती आणि तिच्या शेजारी माझी धाकटी बहीण शालू उजवा हात पदराआड लपवून उभी होती. त्या हाताची बोटं तळव्यात वळून चिकटली होती. ती मूठ उघडायची, हे मनाशी धरूनच मी होडीत चढलो.

त्या मुठीची गोष्ट आधी सांगायला हवी. आमच्या मिठबाव गावात तेव्हा घरोघरी उकड्या तांदळासाठी अंगणात भात उकडत. शालू दहा वर्षांची होती. पाय घसरला आणि तोल सावरायला तिने तापलेल्या तांब्याच्या भांड्यावर तळवा टेकला. कातडी तिथेच राहिली. आईने खोबरेल आणि चुन्याची निवळी फेटून लावली आणि म्हणाली, "वारो लागाक देव नको. मूठ झाकान ठेव." आमच्याकडे उघड्या जखमेला खारा वारा लागणं फार वाईट समजत. मी शाळेच्या बालवीर पथकात पट्ट्या बांधायला शिकलो होतो. बोटं तळव्यावर दुमडून मी इतकी घट्ट, इतकी सुबक पट्टी बांधली की शेजारची काकी आईला म्हणाली, "डागतर झालो गो तुझो झील!" महिनाभर रोज मी ती सोडत होतो आणि तशीच परत बांधत होतो. जखम भरली. मूठ उघडली नाही. सगळे म्हणाले, नशीब, हात तरी वाचला.

मुंबईत गावच्या मंडळाच्या खोलीत अठरा जणांत राहून मी बी.एस्सी. झालो. आमच्या घरातला पहिला पदवीधर. ज्यांनी मला जेवू घातलं, दिव्याजवळची जागा सोडली, त्यांचे उपकार आहेत. पुढे एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. मेणात बसवलेल्या मांसाच्या पातळ चकत्या कापायच्या, रंगवायच्या आणि काचेवर चढवायच्या. पहिल्याच वर्षी आमच्या डॉक्टरांनी मला सूक्ष्मदर्शकाखाली भाजल्याचा व्रण दाखवला.

ते म्हणाले, "जखम झाली की आसपासच्या पेशींना कसला तरी निरोप जातो. त्या येतात, धागे विणतात, खळगा बुजवतात. मग ते विणकाम आकसतं आणि कडा जवळ ओढतं. परदेशात मज्जातंतू वाढवणारा एक पदार्थ सापडलाय. उंदराच्या लाळग्रंथीतून दुसरा मिळालाय, त्याने पिल्लांचे डोळे लवकर उघडतात. जखमेतला निरोपही तसाच कुठलातरी पदार्थ असणार. पण काम झाल्यावर पेशींना थांबवतं काय, ते अजून कुणाला माहीत नाही. न थांबलेलं विणकाम यकृतात दिसतं, फुप्फुसात दिसतं."

"आणि हातात?" मी विचारलं.

"हातात तर फारच. म्हणून भाजलेला तळवा बोटं ताठ ठेवून बांधायचा असतो. दुमडून बांधलात तर तो तसाच मिटून भरतो."

मी काचेवरून डोळा काढला नाही. काढला असता तर त्यांना माझा चेहरा दिसला असता.

तोवर मी लग्न करून परळला एक खोली घेतली होती. शालूला आणवलं. शल्यवैद्यांनी तळव्यातला व्रण कापून काढला, मांडीची कातडी लावली, बोटं लाकडी फळीवर ताठ बांधली. सहा महिने फळी सुटता कामा नये, असं बजावलं. मी ते अक्षरशः पाळलं. तिला एकटीने जिन्यावरसुद्धा जाऊ देत नव्हतो. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत ती दिवसभर खिडकीशी बसून असायची.

जून लागला तशी म्हणाली, "आणखी कितके दिवस ह्या फळयेक हात बांदून बसू?"

"डॉक्टर सांगतील तोपर्यंत."

"मगे डॉक्टराची बायल जातली काय आमच्या लावणीक?"

माझी बायको हसली. मी हसलो नाही. तेव्हा शालू हळूच म्हणाली, "दादा, माजो हात सोडवलंस खरो, पण माका बांदून घातलंस."

बाबा थकले होते, आई एकटीच भाताची लावणी करत होती. शालूला मी एस.टी.त बसवून दिलं. फळी बांधून चिखलात रोपं लावता येत नाहीत, हे मला कळत होतं. दिवाळीपर्यंत दोन बोटं पुन्हा आत वळली. तीन मोकळी राहिली.

पुढच्या मे महिन्यात मी दुसऱ्या शस्त्रक्रियेची तारीख घेऊनच गावी गेलो. शालू मागच्या दारी बांगडे साफ करत होती. वळलेल्या दोन बोटांचा तिने आकडा केला होता. तो कल्ल्यात अडकवायची आणि डाव्या हाताने सुरी चालवायची. हात भरभर चालला होता. मी तारीख सांगितली.

"नको," ती म्हणाली. "परत त्या खोलयेत माका बसूचा नाय."

मग इतकी वर्षं न बोललेलं बोललो. "शालू, ती मूठ मीयाच बांदलेली. चुकीची बांदलेली."

"माका ठावक आसा. हात माजोच मा तो? तू काय मुद्दाम बांदलंस? ऊठ, हात धू, जेवण थंड होता."

आईने पान वाढलं.

माझ्यासारखे गावाकडून मुंबईला आलेले पुष्कळ जण म्हणतात की गावी गेलं की मोकळं वाटतं. त्यांचं खरं असेल. मी अजून रोज व्रण कापतो, रंगवतो, काचेवर चढवतो. थांबवणारा निरोप आम्हाला अजून सापडलेला नाही. गावच्या माझ्या माणसांनो, तुम्ही पत्रातून विचारता की हा येतो आणि चार दिवसांत का पळतो. घर म्हणजे माझ्यासाठी आता ती जागा, जिथे मला कुणी दोष देत नाही. पाचव्या दिवशी मला ते सोसत नाही.