बोलणाऱ्या यंत्रांचं प्रकरण

अंधांसाठी पुस्तकं ध्वनिमुद्रित करणाऱ्या संस्थेत तिला सगळे वाचकबाई म्हणत. काचेच्या खोलीत बसून तिने कायद्याची, शिवणकामाची, बाळंतपणाची, हाती पडतील ती पुस्तकं वाचली होती. विज्ञानकथेच्या इतिहासाची ओळख करून देणारं जाडजूड पुस्तक आलं, तेव्हा मात्र तिने नाक मुरडलं.

"भुतांना नुसते नवे कपडे घातलेत," ती नवऱ्याला म्हणाली.

पण वाचता वाचता ती त्यात गुंतली. आधी चंद्रावर निघालेले प्रवासी आले, मग प्रयोगशाळेत माणूस घडवून त्यालाच घाबरणारे लोक, मग परग्रहावरचे पाहुणे. सांगितलेलं भविष्य किती खरं ठरलं, यावर लेखक गोष्टीला गुण देत नव्हता. नवं यंत्र घरात आल्यावर घरची माणसं एकमेकांशी कशी वागतात, हे दाखवते ती चांगली गोष्ट, असं त्याचं म्हणणं. हे तिने घरी नवऱ्यालाही वाचून दाखवलं.

बोलणाऱ्या यंत्रांचं शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं होतं आणि तिचा घसा बसला तो बसलाच. गाठ निघाली. शस्त्रक्रियेत स्वरयंत्र गेलं, गळ्याशी श्वासापुरतं छिद्र उरलं. जुन्या ध्वनिमुद्रणांवरून संगणक तिच्याच आवाजात पुस्तक पुरं करील, चालेल का, असं संस्थेने विचारलं. तिने मान डोलावली. पुस्तक अर्धवट सोडणं तिच्या जिवावर आलं होतं.

तोच आवाज नवऱ्याने फोनवर घेतला. ती टाईप करायची, फोन बोलायचा. हळूहळू नवरा तिच्याऐवजी फोनकडे बघून उत्तरं देऊ लागला. एकदा ती भांडी विसळत असताना बाहेरच्या खोलीतून तिचाच आवाज आला, "अहो, चष्मा विसराल."

ती दारात येऊन उभी राहिली. नवऱ्याने टाईप करायचं थांबवून फोन उलटा ठेवला.

"तू म्हणायचीस ना, म्हणून," तो पुटपुटला.

काही दिवसांनी एक अंध श्रोता, टेलिफोन ऑपरेटर, भेटायला आला. तिने टाईप केलं. टेबलावरचा फोन म्हणाला, "या, बसा."

"शेवटचं प्रकरण फार सफाईने वाचलंत, बाई. एरवी तुमचा श्वास ऐकू यायचा. त्यात एकदाही आला नाही." मग त्याने मान तिच्या खुर्चीकडे वळवली. "अजून कोणी बसलंय का इथे? श्वास येतोय."

तिने त्याचा हात धरून आपल्या गळ्याशी नेला. बोटांना हवा लागताच त्याने हात झटकन मागे घेतला. थोड्या वेळाने स्वतःच पुन्हा पुढे केला.

"मग इतका वेळ मी बोलत होतो कोणाशी?" त्याने हळूच विचारलं.

तिने संस्थेला कळवलं, शेवटच्या प्रकरणाआधी सूचना घाला. त्यांनी घातली. "यापुढचं वाचन यंत्राचं आहे," असं तिचाच आवाज सांगतो.

वाचकबाई अजून संस्थेत जातात, यंत्राचे उच्चार तपासतात. घरी आता त्या पाटीवर लिहितात आणि नवरा चष्मा लावून वाचतो. कधीमधी तो गॅलरीत फोन कानाला लावून बसलेला दिसतो, स्वतः काही न बोलता. त्या विचारत नाहीत.