पानं की पानी

दिवाळीनंतर दादा आईला माझ्याकडे सोडायला येणार होता, तेव्हा मी फोनवर बजावलं होतं, येताना शिलाई मशीन घेऊन ये. गाडीत जागा होती. आई म्हणाली, "मशीन कशाला? मी काय राहायला चाललेय का? पंधरा दिवस तुझ्याकडं बसते, मग माझं घर बरं नि मी बरी." ते मशीन तिनं लोकांचे ब्लाउज शिवून स्वतःच्या कमाईतून घेतलेलं. जिथं मशीन तिथं आई, हे आम्हां दोघा भावंडांना लहानपणापासून ठाऊक. ते गावी चादरीखाली झाकून ती एकच बॅग घेऊन आली, यातच काय ते आलं.

गाव साताऱ्याकडचं. बाबा गेल्यापासून ती तिथं एकटी. गेल्या वर्षी न्हाणीत पाय घसरून पडली, ते शेजारीण विरजण मागायला आली म्हणून कळलं. दादाची बदलीची नोकरी, आज या गावी तर उद्या त्या. राहता राहिले मी. मला तिला कायमचं ठेवून घ्यायचं होतं. आणि तिला कधी एकदा परत जाते असं झालं होतं.

तिचंही चूक नव्हतं. नेरूळमधल्या सारसोळे गावात पहिल्या मजल्यावर माझी भाड्याची खोली. खिडकी चांगली ऐसपैस, पण तिच्यापुढं हातभर अंतरावर शेजारच्या बिल्डिंगची भिंत. त्यात खिडकीला आधीच्या भाडेकरूनं मागं सोडलेले कॉफी रंगाचे जाडजूड पडदे. मी सकाळी महाप्याला ऑफिसला जायची ती दिवस बुडाल्यावर यायची, त्यामुळे खोलीत अंधार आहे हे मला दोन वर्षांत दिसलंच नव्हतं. आई आली आणि दिसलं.

"भर दिवसा ट्यूब लावून तांदूळ निवडायचे," ती म्हणायची. "खडा कुठला नि दाणा कुठला, कळत नाही."

"मग नको निवडूस. हल्ली निवडलेलेच मिळतात," मी फटकन बोलायची. मग दोन तास अबोला. दोघी एकाच माळेचे मणी.

दुसऱ्या सोमवारी तिनं माझ्यासमोरच दादाला फोन लावला. "रविवारी न्यायला ये बाबा. पोरगी चांगली सांभाळतीय, पण इथं उजेडच नाही रे." मी कोथिंबीर निवडत होते. बाकी कशाहीवर मी तिच्याशी भांडले असते, पण उजेडावर काय भांडणार? दुसरी खोली बघणं शक्य नव्हतं, शिल्लक होती ती डिपॉझिटात अडकलेली. तयार पडदे बघून आले, तर भाव ऐकूनच घाम फुटला. शेवटी पांढरा मांजरपाट घेतला, फॅब्रिक कलरच्या चार बाटल्या आणि दोन ब्रश. म्हटलं, आपणच रंगवू. शाळेत चित्रकलेत मी काठावर पास व्हायची, हे त्या उत्साहात विसरले.

घरी येऊन कापड पसरलं, ब्रश बुडवला, तोच कॉटवरून आवाज आला, "खळ काढलीस का?"

"कसली खळ?"

"कोऱ्या कापडाला खळ असते. रंग वरच्यावर बसेल नि पहिल्या धुण्यात वाहून जाईल. म्हणे शिकलेली!" तिनं स्वतः उठून कापड बादलीत भिजत घातलं आणि दुसऱ्या दिवशी दोन पाण्यांतून काढलं. मग मी हातानं कडा दुमडून शिवायला बसले. आई दुसरीकडे बघत म्हणाली, "वाकडी चाललीय."

"मशीन आणलं असतंस तर सरळ गेली असती."

"मी राहायला आले नाही."

आता काढायचं काय, हा प्रश्न होता. जिन्यात घरमालकीण भेटल्या. त्या मूळच्या सारसोळ्याच्या, सगळं घराणं खाडीवर मासेमारी करणारं. मी त्यांना मावशी म्हणते. दोन्ही हातांत बाजाराच्या पिशव्या घेऊन त्या वर चढत होत्या. मी विचारलं, "मावशी, पडद्यावर काय काढू?"

"पानी काड गो बाय, पानी," त्या धापा टाकत म्हणाल्या. "डोल्यांना थंड वाटंल."

मी ऐकलं, पानं. मी पडले घाटावरची, आमच्याकडे पाणी ते पाणी नि पान ते पान, 'न' ऐकला की पानच डोळ्यांपुढं येतं. शिवाय मनातून सुटकेचा निःश्वास टाकला, कारण पान मला येत होतं.

शुक्रवारी रजा टाकली आणि मावशींच्या गच्चीवर, जिथं त्या जवळा वाळत घालतात, तिथं खाली वर्तमानपत्र घालून पडदे पसरले. चार कोपऱ्यांना चार दगड. दिवसभर उकिडवी बसून मी आंब्याची पानं काढली. आई पाण्याच्या टाकीच्या सावलीला खुर्चीत बसली होती, सुक्या मासळीच्या वासानं नाकाला पदर लावून. तिनं जन्मात मासा खाल्लेला नाही. मधूनच म्हणायची, "आंब्याची पानं इतकी पोटाळ नसतात गं."

चारच्या सुमारास मावशी जवळा गोळा करायला वर आल्या आणि थबकल्या.

"यो काय?"

"पानं. तुम्हीच सांगितलंत ना?"

"मी पानी सांगलं, तू पाना काडलीस! पानी गो, पानी! खाडीचा पानी!"

टाकीपाशी आईला हसू फुटलं. पदर तोंडात कोंबून हसली, मग पदर सोडून हसली, ठसका लागेपर्यंत हसली. "अगं, त्या पाणी म्हणतायत, आणि ही सकाळपासून झाडपाला काढत बसलीय!" बाबा गेल्यापासून हे हसू मी ऐकलं नव्हतं. मला राग यायला हवा होता, पण मीही हसत सुटले.

मग मावशींनी सांगितलं. माझ्या खिडकीतून पूर्वी खाडी दिसायची. नव्या नवरीच्या दिवसांत त्या तिथं बसून सासऱ्यांची होडी परत येताना बघायच्या. पुढं दिरानं बिल्डिंग बांधली आणि खाडी भिंतीमागं गेली. "दिराला काय बोलनार? म्हनून सांगलं, पानी काड."

ऐकून बरं वाटलं, पण पडदे तर वाया गेले होते. नवीन कापड आणायचं, पुन्हा खळ काढायची, आणि परवा रविवार. मी ब्रश आपटला. मावशी मात्र वाकून बघत होत्या. त्यांनी ब्रश उचलला आणि एका पानाच्या देठाला फर्रकन दोन फाटे फोडले.

"यो पान नाय. यो बोय हाय."

बोय म्हणजे खाडीतला लांबट मासा. आणि खरंच, त्या पोटाळ पानाला शेपूट फुटताच ते पोहायला लागलं. मी निळा रंग पातळ करून भोवती पाणी भरत गेले, मावशी शेपट्या काढत गेल्या. अडलं ते डोळ्यांपाशी. माझा ब्रश टेकला की काळा फराटा उठायचा. "मेलेला दिसतंय," मावशी म्हणाल्या.

तेव्हा आई उठली. नाकावरचा पदर काढून कमरेला खोचला, काडेपेटीतली काडी मागितली, रंगात बुडवली आणि रांगोळीचा ठिपका ठेवावा तसा माशाला डोळा ठेवला. एक ठिपका हलेल तर शपथ. तिनं एकेक करत सगळ्यांना डोळे दिले. वर कोपऱ्यातली पानं तेवढी तशीच ठेवायला लावली. म्हणाली, पाण्यावर झाडाची सावली नको का?

"आय, तुमचा हात कोलनीचा हाय," मावशी म्हणाल्या.

"असू दे, असू दे," आई म्हणाली, पण तिला ते भलतंच आवडलं होतं.

शनिवारी पडद्यांना उलट बाजूनं इस्त्री फिरवून रंग पक्का केला आणि ते टांगले. रविवारी अकराच्या सुमारास समोरच्या भिंतीवर वरून ऊन आलं. ते रोजच येत असणार, ते कॉफी रंगाचे पडदे गिळून टाकत असणार. आता ते पातळ कापडातून आत उतरलं आणि फरशीवर, कॉटवर, भांड्यांच्या फळीवर निळसर उजेड पसरला. आई ताट घेऊन खिडकीखाली तांदूळ निवडायला बसली. ट्यूब बंद होती. मला इतका आनंद झाला की मी उगाचच दोनदा केर काढला.

पण दाराशी तिची बॅग भरून ठेवलेली होती, आणि बारा वाजता दादा आला. "मासे? आईच्या डोक्यावर?" असं म्हणून तो आधी पोटभर हसला. मग बॅग उचलली. "चल आई, लवकर निघू, घाटात ट्रॅफिक लागतं."

आईनं ताटातून मान वर केली नाही. एक खडा वेचून बाजूला टाकला.

"ठेव ती बॅग खाली. जेव नि जा. आणि पुढच्या खेपेला येताना माझं मशीन घेऊन ये. हिनं पडद्यांची दुमड बघ कशी घातलीय. रोज उठून हे कोण बघणार?"

दुमड वाकडी आहे, हे मी तिथल्या तिथं कबूल करून टाकलं.