कजागच्या पंखाखाली

ड्रायव्हरकाकांनी चौतीस वर्षं बस चालवली, पण थांबणं काही त्यांच्या अंगवळणी पडलं नाही. त्यामुळे बहिणीचा पाय मोडला म्हणून काकू तिच्याकडे निघाल्या, तेव्हा त्यांना त्या पायापेक्षा परसात अंडी उबवत बसलेल्या खुडूक कोंबडीचाच घोर जास्त.

"सोळा दिवस झालेत, अजून पाच. दाणापाणी ठेवायचं आणि तिच्या वाटेला जायचं नाही. अहो, ऐकताय ना?"

"एवढी बस चालवली मी. बसलेल्या कोंबडीला काय सांभाळायचं?"

दुसऱ्याच दिवशी कुठलंसं कुत्रं कुंपणातून आत शिरलं. काकांनी त्याला पिटाळलं, पण बिथरलेली कोंबडी टोपलीकडे पुन्हा ढुंकूनही बघेना. दोनदा उचलून बसवली, दोनदा उठून गेली. टोपलीतली अकरा अंडी हाताला जेमतेम कोमट लागत होती.

परसात आणखी एक खुडूक होती. चितकबरी, काकूंच्या भाषेत 'कजाग'. तिच्या स्वभावामुळे काकूंनी तिच्याखाली कधी अंडी ठेवलीच नव्हती, तरी ती चार दिवस रिकाम्या खोक्यात ठाण मांडून होती. काकांनी ड्युटीचा जाड कोट चढवला आणि एकेक अंडं तिच्या पोटाखाली सरकवलं. तिने मनगटावर चोची मारून त्यांना सळो की पळो केलं. पण शेवटचं अंडं मात्र तिने स्वतःच चोचीने आत ओढून घेतलं, पिसं फुलवली आणि डोळे मिटले. तेव्हा कुठे काकांच्या जिवात जीव आला.

एकविसाव्या दिवशी एका अंड्याला बारीक भोक पडलं. आतून चिवचिव ऐकू आली. मग बराच वेळ काहीच नाही. काकांनी काकूंना फोन लावला, झालं ते सगळं कबूल केलं आणि विचारलं, "जरा टरफल सोलून देऊ का त्याला?"

"खबरदार! आतलं रक्त सुकलेलं नसतं, हकनाक मरेल. दोन्ही हात खिशात घाला आणि गप्प बसा."

"अगं, तीन तास झाले!"

"होऊ देत."

काका बादली पालथी घालून बसले. हातातला चहा गार होऊन गेला. दुपार कलली तेव्हा भोकाची चीर झाली, टरफलाची टोपी उडाली आणि ओलं, लटपटतं पिल्लू बाहेर आलं. काका एकटेच मोठ्यांदा म्हणाले, "शाब्बास रे पठ्ठ्या!"

दुसऱ्या दिवसापर्यंत नऊ पिल्लं निघाली. दोन अंडी तशीच राहिली. काकांना वाईट वाटलं. कुंपणाजवळ खड्डा करून त्यांनी ती पुरली.

आठवड्याने काकू परतल्या. कजाग नऊ पिल्लांना माती उकरायला शिकवत होती आणि काका पायरीवर बसून तांदळाच्या कण्या आणखी बारीक कुटत होते.

"बाई गं! हिच्याशी कुणाचं पटत नाही, तुमचं कसं जमलं?"

"इतकी वर्षं तुझ्याशी जमवलंय," काका म्हणाले आणि मूठभर कण्या पिल्लांपुढे टाकल्या.